हजर, कारखान्यावर

मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला रुजू झाले ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. बीडहून एसटीने गेवराई, तिथून उमापूरच्या बाजूला जाणारी दुसरी गाडी आणि फाट्यापासून पुढे पायी. एवढा आटापिटा करून वर्गात शिरले, तर निम्मे बाक रिकामे! मला वाटलं, नव्या बाई आल्या म्हणून पोरांनी दांडी मारली. मी रागाने डस्टर आपटला. समोरच्या दोन मुली दचकल्या, बाकीच्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं.

वर्गांमधली भिंत नावालाच होती. पलीकडे हजेरी चालली होती. घसा बसल्यासारखा एक जाड आवाज नाव घ्यायचा आणि कोणीतरी "हजर सर" म्हणायचं. मध्येच एखादं नाव यायचं आणि उत्तर यायचं नाही. मग तोच जाड आवाज स्वतः उत्तर द्यायचा, "हाय. कारखान्यावर हाय." पुन्हा पुढचं नाव. असं कितीतरी नावांना तो माणूस स्वतःच हजेरी लावत होता, आणि वर्गात कोणीही हसत नव्हतं.

तास संपल्यावर दारात गाठ पडली. उंच, काळेसावळे, डोक्याला टक्कल, खांद्यावर पंचा आणि तोंडभर खडूची पांढरी भुकटी. हे भानुदास तांदळे सर, भूगोलाचे. फळा पुसायला त्यांना डस्टर चालत नसे, ते पंच्यानेच पुसत आणि मग त्याच पंच्याने तोंड पुसत. त्यामुळे पहिल्या तासाला नीटनेटका दिसणारा माणूस दुपारपर्यंत पीठगिरणीतून आल्यासारखा व्हायचा.

"नव्या बाई का? बसा बसा. वर्ग रिकामा दिसला म्हनून घाबरू नका. आपली पोरं कारखान्यावर गेल्याती. ऊस तोडायला."

"मग ती गैरहजर ना, सर?"

"कावून?" सर खरंच चकित झाले. "गैरहजर तो, जो घरी झोपलाय. ही तर कामावर हायेत."

दसरा-दिवाळीच्या सुमाराला आमच्या भागातली गावं रिकामी होतात. मुकादम ट्रक घेऊन येतो आणि नवराबायकोच्या जोड्या भरून लांबच्या साखर कारखान्यांकडे नेतो. त्या जोडीला म्हणतात एक कोयता. हत्यार आणि माणसं यांना एकच शब्द. बरोबर भांडीकुंडी, शेळी, लहान लेकरं आणि अकरावी-बारावीतली मोठी लेकरंही. ती परततात ऊन तापल्यावर, तोवर बोर्डाची परीक्षा होऊन गेलेली असते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मीच बीड शहरात वाढलेली, मला कुठून कळणार!

तांदळे सर पुस्तक उलटं शिकवत. जूनमध्ये शेवटचा धडा, नकाशे, प्रात्यक्षिकं, जे जे अवघड आणि गुणांचं ते सगळं आधी, कोयता गावात आहे तोवर. सोपं, घोकून होण्यासारखं मागे ठेवायचं, म्हणजे पोरं तळावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसून वाचू शकतील. प्राचार्यांनी एकदा हरकत घेतली. सर म्हणाले, "साहेब, पुस्तकाची पानं लिहिणाराच्या सोयीनं लावल्याती. आमी आमच्या सोयीनं उलटतो." प्राचार्य सज्जन होते, आणि त्यांना दुपारी झोप येत असे. त्यांनी विषय वाढवला नाही.

कोणताही धडा असो, सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. "बोला, पानी कुठून येतंय?"

वर्ग एका सुरात ओरडे, "पश्चिमेकून!"

"आन मग?"

"आपल्यापत्तूर येता येता संपतंय!"

एवढं झालं की सर खूश. पर्जन्यछायेचा सगळा धडा त्यांनी या दोन ओळींत बसवला होता. नाताळच्या सुट्टीत ते लुनाला पिशवी अडकवून एसटी स्टँडवर जात आणि पश्चिमेच्या गाडीत बसत. पाण्याच्या उलट्या वाटेने, असं म्हणत. कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोप्यांमध्ये आपल्या पोरांना शोधून काढत आणि उसाच्या मोळीवर बसून शिकवून येत. परत आले की अंगाला मळीचा वास यायचा. बायको त्यांना अंगणातच थांबवायची, सर कुरकुरत बादलीभर पाण्याने अंघोळ करायचे. टँकरच्या दिवसांत ती बादलीही त्यांना जड वाटायची.

सरांचा राग मी एकदाच पाहिला. आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. तेच इथल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन, दूध संघातही तेच. माणूस वाईट नाही, पण गावातली प्रत्येक खुर्ची आपल्याच घरातून आणली आहे असं त्यांना वाटायचं. त्या वर्षी कारखान्याची निवडणूक लागली. मतपेट्या ठेवायला आणि मोजणीला जागा हवी, म्हणून कॉलेजचे वर्ग घेतले आणि सहामाही परीक्षा पुढे ढकलली. परीक्षा झाली तोवर निम्मी पोरं ट्रकमध्ये बसून गेली होती. जे पेपर ती देऊन जाऊ शकली असती तेही बुडाले. आबासाहेबांचं पॅनेल निवडून आलं. गुलाल उडाला, स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स आला. सरांनी पेढा घेतला, हातावर ठेवला, बराच वेळ पाहिला आणि पुन्हा बॉक्समध्ये ठेवून दिला. शिपाई कावराबावरा झाला.

"ह्याच्या आधी आबासाहेबांच्या पुतन्याच्या लग्नात हलवली हुती," ते मला म्हणाले. "परीक्षा म्हंजे काय त्यांच्या वाड्यातलं बाजलं हाय का बाई? सावली बगून हिकडून तिकडं सरकवायला?"

त्यानंतर एक-दोन वर्षांनी दिल्लीचं पत्र आलं. देशभरच्या अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम नव्याने बांधायचा होता, त्यासाठी एक समिती नेमली होती, आणि तिला दुष्काळी भागातला एक शिक्षक हवा होता. उन्हाळ्यात दिल्लीला जायला कोणी तयार होईना. प्राचार्यांनी तांदळे सरांचं नाव कळवलं. थोडे दिवस तरी कॉलेज शांत राहील, हा त्यातला हिशोब सगळ्यांना दिसत होता.

दिल्लीचं वर्णन सरांनी स्टाफरूममध्ये इतक्यांदा केलं, की मला ती खोली स्वतः पाहिल्यासारखी वाटते. गारेगार हॉल, लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. माणसं दोन घोट प्यायची आणि बाटली तशीच सोडून उठायची. सरांना ते बघवेना. चहाच्या सुट्टीत त्यांनी टेबलाभोवती फिरून उरलेलं पाणी बरोबर आणलेल्या कॅनमध्ये ओतायला सुरुवात केली. एका विद्वानाने त्यांना शिपाई समजून खुर्ची सरकवायला सांगितली. सरांनी ती सरकवली आणि शेजारच्या खुर्चीवर स्वतः बसले.

मग बोलायची वेळ आली. सरांची हिंदी आमच्या बीडची, निजामाच्या वेळची. "मॅडम, हमारे यां साल के दो टुकडे है. एक कोयता गाँव में रहता तब का, एक कोयता जाता तब का. तुम एकीच टुकडे का इम्तहान लेते, वो भी जब बच्चा रहताच नै."

समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, कोयता म्हणजे काय. सरांनी सांगितलं. नवराबायको मिळून एक कोयता. आई आजारी पडली तर तिच्या जागी मुलगी. मुलगी अपुरी पडली तर तिचं लग्न लावून नवा कोयता. बाईंनी पेन खाली ठेवलं, असं सर सांगायचे. त्या ठिकाणी त्यांचा आवाज दर वेळी बदलायचा.

सरांची मागणी साधी होती. प्रत्येक विषयाचे दोन स्वतंत्र भाग करा. पहिल्या भागाची परीक्षा दिवाळीच्या आधी घ्या आणि ते गुण कायमचे जमा धरा. दुसरा भाग पोरगं परत आल्यावर उन्हाळ्यात देईल. समितीला ते पटलं. पूर्ण देशात लगेच नको, आधी निवडक कॉलेजांत करून पाहू, असं ठरलं आणि त्यात आमचं कॉलेज आलं.

उठता उठता सरांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली. परीक्षेची तारीख एकदा ठरली की ती कोणालाही हलवता येऊ नये. कॉलेजला नाही, संस्थेला नाही, कोणाच्या शिफारशीने नाही. समितीतले काहीजण म्हणाले, थोडी सवलत असावी. सर अडून बसले. "साब, आप हमारे चेअरमन लोगां को नै जानते." सगळे हसले आणि तो नियम लिहिला गेला. परत आल्यावर त्याचाच त्यांना जास्त अभिमान होता. "बाई, आता आबासाहेबांच्या घरी सात लग्नं निघू द्या, पेपर जागचा हलत न्हाई!"

प्रयोगाच्या पहिल्या वर्गात कांचन होती. बारीक, खणखणीत आवाजाची. सगळ्या वर्गाचं "पश्चिमेकून" एकीकडे आणि तिचं एकीकडे. अकरावीचं निम्मं वर्ष तिने उसाच्या फडात काढलं होतं, तरी नकाशा असा भरायची की सर तो दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायचे. घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू होतं. बाप सरांना म्हणाला होता, "बारावी हुतीय म्हनता तर थांबतो. एक वर्स. पर मधीच लटकली तर मला काय सांगू नका." म्हणजे पहिला भाग जमा झाला तर कांचन थांबणार होती, नाहीतर नव्हती. इतकं स्वच्छ होतं ते. सरांनी जूनपासून त्या वर्गाला अक्षरशः जुंपलं. रविवारीही तास. मलाही ओढलं. मी कुरकुरत गेले आणि मग न सांगता जायला लागले.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. ढग यायचे, पश्चिमेकडूनच यायचे, आणि आमच्या डोक्यावरून हलके होऊन जायचे. मूग गेला, बाजरी गेली. पोळ्याला बैलांना धुवायला पाणी नव्हतं, ओल्या फडक्याने पुसून घेतलं. आबासाहेबांच्या कारखान्याला ऊसच नव्हता, त्यामुळे तो बंद राहणार हे ठरलं. पण लांबच्या कारखान्यांच्या भागातही पाऊस कमी होता. तिथला ऊस उभ्याने वाळायला लागला आणि त्यांनी हंगाम लवकर सुरू करायचं ठरवलं. मुकादम गावात आले ते दसऱ्याच्याही आधी. ट्रक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात निघणार होते.

सर माझ्याकडे आले. तोंडावर खडू नव्हता, तरी चेहरा पांढरा पडला होता. "बाई, आबासाहेबांकडं चला माझ्यासंगं. एकट्याला जायला कसं तरी वाटायलंय."

आबासाहेब अंगणात टँकरवाल्यांशी बोलत होते. सरांना पाहून त्यांना नवल वाटलं. सर उभ्यानेच म्हणाले, "परीक्षा आठ दिस आधी घ्यायची परवानगी द्या."

आबासाहेब हसले. कुत्सित नव्हे, चांगलं मोकळं हसले. "अहो सर, त्यात काय? आजवर मी हलवायचो तर तुमी भांडायचे. आज तुमी म्हनताव, हलवू. उद्या घ्या. बोलवा प्राचार्यांना."

प्राचार्य आले ते कागद घेऊनच. त्यांनी तो नियम वाचून दाखवला. ठरलेल्या तारखेआधी वा नंतर घेतलेली परीक्षा धरली जाणार नाही, कॉलेज प्रयोगातून बाद होईल.

आबासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कुनी घातलं? इथल्या मानसाची अडचन म्हाईत नसनाऱ्या कुन्या तरी शहान्यानं—"

"मीच घातलं," सर म्हणाले.

एका टँकरच्या नळातून पाणी गळत होतं, आबासाहेबांनी गड्याला हाक मारून तो आवळायला लावला. मग त्यांनी खरोखर प्रयत्न केला, हे सांगायला हवं. त्यांनी तिकडच्या एका ओळखीच्या चेअरमनला फोन लावला, आठवडाभर थांबा म्हणून गळ घातली. पलीकडून उत्तर आलं, सभासदांचा ऊस वाळतोय, रोज दारात माणसं येऊन बसतायत, तुम्ही माझ्या जागी असता तर थांबला असता का? आबासाहेबांनी फोन ठेवला. "न्हाई थांबलो असतो," ते स्वतःशीच म्हणाले.

सरांनी दिल्लीलाही फोन केला. अध्यक्षबाई फोनवर आल्या. त्यांना वाईट वाटलं, तेही खोटं नव्हतं. पण एका कॉलेजला तारीख बदलून दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, आणि हे तुम्हीच आम्हाला पटवून दिलं होतं, असं त्या म्हणाल्या. सर "हां जी, हां जी" म्हणत राहिले.

ट्रक निघायच्या सकाळी आम्ही कांचनच्या घरी गेलो. सर तिच्या वडिलांना म्हणाले, "पोरगी माझ्या घरी ऱ्हाऊ द्या. आठ दिस. परीक्षा झाली की मी सोता आनून सोडतो फडावर."

वडील भांडी बांधत होते. त्यांनी दोरी सोडली नाही. "सर, पोरगी तुमची बी हाय. पन हिची माय तापानं पडलीय, उठून बसता येईना. तिच्या जागी हिलाच धरलंय. एकल्या गड्याला मुकादम गाडीत बी घेत न्हाई. मी काय करू, तुमीच सांगा." त्यांनी खरंच विचारलं होतं.

कांचन आतून बाहेर आली. तिने डोक्याला आईचा रुमाल बांधला होता. तीच आम्हाला धीर देत होती. "उन्हाळ्यात देते की सर. दुसऱ्या तुकड्याला हायेच मी." ती ट्रकमध्ये चढली, वरून शेळीचं करडू तिच्या हातात दिलं, आणि ट्रक गेला. सर धुरळ्यात तसेच उभे होते. मी दंडाला धरून त्यांना बाजूला घेतलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे पर्यवेक्षक आले. त्यांनी एकेक नाव वाचलं. ज्याला उत्तर आलं नाही त्यापुढे ते "गैरहजर" म्हणत आणि खूण करत. मी दारात उभी होते. सर खिडकीजवळ होते. कांचनचं नाव आलं. मला वाटलं, आता ते बोलतील. वर्गातली उरलेली पोरंही मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. सर बोलले नाहीत. "गैरहजर," पर्यवेक्षक म्हणाले आणि पुढे गेले. आजवर माझ्या घरातले मृत्यू मी पाहिले आहेत, पण इतकं पोरकं मला कधी वाटलं नव्हतं.

प्रयोग त्याच वर्षी बंद झाला. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही, असं दिल्लीहून कळलं. कोणी वाईट हेतूने लिहिलं नसेल. बाकांवर मुलं नव्हती, हे तर खरंच होतं. कांचनचं लग्न कारखान्याच्या तळावरच लागलं, पाटोद्याकडच्या एका टोळीतल्या मुलाशी. उन्हाळ्यात ती परस्पर सासरी गेली. हे मला तिच्या वडिलांनी बाजारात सांगितलं आणि सरांना मी सांगितलं. सर "बरं" म्हणाले.

त्यानंतर सर पुस्तक सुलटं शिकवायला लागले. पहिला धडा जूनमध्ये, शेवटचा फेब्रुवारीत. फळा डस्टरने पुसायचे. तोंड दिवसभर स्वच्छ राहायचं, त्याचीच मला सवय होईना. भिंतीपलीकडून हजेरी ऐकू यायची. नाव, हजर, नाव, हजर, नाव आणि मग सरांचा जाड आवाज, "गैरहजर." नवे शिक्षक म्हणत, तांदळे सर किती शिस्तीचे आहेत! मी त्यांच्यावर उगीचच चिडायचे.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाला आबासाहेबांनी शाल दिली. दोघेही एकमेकांकडे न बघता उभे होते, फोटोतही तसेच आले.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. दसरा नुकताच झाला होता. मी फाट्यावर एसटीची वाट बघत होते, तर चहाच्या टपरीपुढच्या बाकावर सर. खांद्यावर पंचा होताच. बऱ्याच उशिरा लक्षात आलं, की त्यांना कुठेच जायचं नव्हतं. ट्रक तिथून जातात म्हणून येऊन बसले होते. आम्ही पावसाचं बोललो, त्यांच्या गुडघ्याचं बोललो.

एक भरलेला ट्रक फाट्यावर वेग कमी करून वळत होता. वर गाठोडी, चुली, पत्रे आणि माणसं. त्यातून एक खणखणीत आवाज आला.

"सर! ओ तांदळे सर!"

पदर वाऱ्याने उडत होता, कडेवर मूल होतं, तरी मी ओळखली. सर उठून उभे राहिले. कांचनने मोकळा हात वर केला, वर्गात करायची तसा, आणि हसत ओरडली, "हजर सर! कारखान्यावर हाय!"

तिला बिचारीला काय ठाऊक? ती गेली तेव्हा सर तसेच म्हणत होते. तिच्या मनात ते अजून तसेच म्हणत होते.

सर ट्रकमागे दोन-चार पावलं गेले. गुडघ्याने साथ दिली नाही. तिथूनच, घसा फाडून, "उन्हाळ्यात ये गं! दुसरा तुकडा राहिलाय तुझा!"

"येते सर!" ट्रक पश्चिमेला लागला होता, बाकीचं ऐकू आलं नाही.

सर परत येऊन बाकावर बसले. पंच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं. माझी एसटी आली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा ते म्हणाले, "बाई, चुकलंच. तिला सांगायला पायजे हुतं, मी आता शिकवीत न्हाई."